बिकाजानचा झगा

बिकाजान सायकलवर बसायच्या आधी जेवढा वेळ लावायची, तेवढ्यात माझ्या तंदूरमधून रोट्यांचा एक घाणा निघायचा. आधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघायचे. मग सायकल हातभर पुढे ढकलून ब्रेक आवळायचे. झग्याचा सगळा घेर गोळा करून मांडीखाली चेपायचा, सलवारीच्या तळाशी रबरी पट्ट्या चढवायच्या, डोक्यावरच्या रुमालाची गाठ हनुवटीखाली न मारता मानेमागे मारायची, म्हणजे वाऱ्याने तो डोळ्यांवर येत नाही. सगळ्यात शेवटी भडक नारिंगी जाकीट, सडकेवरचे मजूर घालतात तसलं. तिचा भाऊ सडकेच्या कामावर होता, त्याने आणून दिलेलं. हँडलला डावीकडे गोल आरसा, पुढे दिवा, मागे मडगार्डवर लाल काच. सीटवर तिने स्वतः शिवलेली कापसाची गादी होती. "ढुंगण काही लोखंडाचं नसतं," असं ती म्हणायची.

तिची सासू जुमागुल-आना अंगणातल्या बाजेवर बसून हा सोहळा रोज बघायची.

"झाली का नवरी तयार? वरात कुठे चाललीय?"

"बालवाडीत, आना."

"बालवाडीत होय! मला वाटलं चंद्रावर."

आमच्या ओकयाप गावात सायकल ही काही नवलाईची गोष्ट नाही. सगळा ख्वारेझम प्रांत ताटासारखा सपाट, त्यामुळे पोरगी पाळण्यातून उतरते ती सायकलवरच चढते. एका हाताने हँडल, दुसऱ्या हातात खरबूज, मागे कॅरिअरवर पोर, आणि वर शेजारच्या सायकलवालीशी गप्पा. आम्ही सगळ्या अशाच. कालव्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर बिकाजान एकटीच अशी, की मागून कापसाची ट्रॉली दिसली की खाली उतरून तुतीच्या झाडाला टेकून उभी राहायची आणि ट्रॉली पुढे गेली की पुन्हा पट्ट्याबिट्ट्या तपासून निघायची.

त्याला कारण होतं. ती सातवी-आठवीत असताना तिच्या आईचा झगा चेनमध्ये गुंतला होता. आई तोंडावर पडली आणि पुढचे सगळे दात तिथेच रस्त्यावर राहिले. त्यानंतर मरेपर्यंत त्या बाईला गावाने नावाने हाक मारली नाही. 'बोळकी' म्हणायचे. लग्नातसुद्धा 'बोळकीला बोलवा, बोळकीला वाढा'. बोळकीची पोरगी म्हणून बिकाजानचं लग्नही उशिरा झालं.

मी आणि ती एकाच बालवाडीत. ती स्वयंपाकीण, मी पोरं सांभाळायला. सकाळी पोरांना सोडायला आयांची झुंबड उडायची, तेव्हा ही डाव हातात घेऊन फाटकात उभी.

"झुल्फिया, सीट वर घे गं. गुडघे छातीला लागतायत तुझे. टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, नाहीतर चाळिशीत काठी घेशील."

"बघू आपा."

"बघू नको, घे. आणि हवा भर. रिकाम्या टायरवर बसतेस म्हणून कंबर धरते, आणि दोष देतेस सासूला."

बायका हसायच्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. पाठ वळली की म्हणायच्या, नवरा धड सांभाळता आला नाही आणि आम्हाला चाकं सांभाळायला शिकवते. तिचा नवरा मतकरीम रशियात बांधकामावर गेला होता. सुरुवातीला फोन यायचा. मग कळलं की त्याने तिकडे एक बाई ठेवलीय, मग कळलं की तिला मूलही झालंय. जुमागुल-आनाने ही बातमी सुनेला भर अंगणात, शेजारणींसमोर सांगितली होती. "माझ्या पोराचा काय दोष? घरात अशी ट्रॅफिक पोलीस असेल तर पुरुष पळणारच."

बिकाजान तरीही त्याच घरात राहिली, कारण मुलगी होती, इकबोल. आणि जायचं तरी कुठे?

त्याच घरात तिचा दीर कदमबाय. उर्गेंच शहरापर्यंत भाड्याच्या फेऱ्या मारायचा, पांढरी गाडी होती त्याची. माणूस हसरा, दिलदार, मैफलीत हवाहवासा वाटणारा. लाझगी नाचायला उभा राहिला की म्हातारेसुद्धा टाळ्या पिटायचे. वहिनीची थट्टा हा त्याचा खास पदार्थ. ती सायकलवर दिसली की गाडी हळूच मागे आणायचा आणि कानाशी भोंगा वाजवायचा. कधी इतका जवळून जायचा की गाडीचा आरसा तिच्या कोपराला घासायचा. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना नक्कल करून दाखवायचा, वहिनी कशी दचकली, हँडल कसं थरथरलं.

"एक दिवस मारशील तू मला," ती म्हणायची.

"तुला कोण मारतंय वहिनी? तू तर उर्गेंचवरूनही दिसतेस. वैमानिक तुला बघून विमान उतरवतात!"

सगळे हसायचे. इकबोलही हसायची. तिला आईच्या त्या जाकिटाची लाज वाटायची. तिचं लग्न ठरलं होतं शोवोतमधल्या चांगल्या घरात, आणि सासरची माणसं येणार म्हटलं की ती आधी सायकल गोठ्यामागे लपवायची.

तो दिवस कापूसवेचणीतला होता. तुतीच्या सालींना कापसाचे पुंजके चिकटलेले, ऊन स्वच्छ. बिकाजान दुपारी बालवाडी आवरून निघाली. कालव्याच्या वळणाच्या अलीकडे तिला आरशात पांढरी गाडी दिसली. गाडी ज्या तऱ्हेने डुलत येत होती, त्यावरून तिने ओळखलं की कदमबाय कुठल्या तरी मेजवानीहून येतोय आणि पोटात वोडका आहे. तिने तेच केलं जे ती नेहमी करायची. उतरली, सायकल रस्त्याखाली घेतली, झाडाला पाठ लावून उभी राहिली.

गाडीत त्याचे दोन मित्र होते. कदमबायला तिला फक्त घाबरवायचं होतं. त्याने गाडी तिच्या अंगावर घेतली, शेवटच्या क्षणी वळवायची म्हणून. चाक कडेच्या खडीत सरकलं. बंपरने सायकल चेपली, सायकलने तिला चेपलं, आणि मागे तुतीचं खोड होतं.

हे तिनेच मला नंतर सांगितलं. तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "शारीपा, तो उतरला, आणि आधी त्याने बंपर बघितला. हात फिरवून बघितला. मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, वहिनी, तू इथे कशाला उभी राहिलीस?"

उजवा पाय मांडीत आणि गुडघ्याखाली, दोन्हीकडे मोडला होता. मित्रांनी तिला मागच्या सीटवर टाकून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत कदमबायने त्यांना काय बोलायचं ते पढवलं.

दवाखान्यात तिच्या पायाला वजन बांधून टांगलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी शोरवा घेऊन गेले तर खाटेभोवती दरबार भरलेला. जुमागुल-आना, कदमबायची बायको आणि तिची पोरं, आणि मोहल्ल्याचे प्रमुख रोझमत अक्सकाल. टोपी मांडीवर ठेवून ते गोड आवाजात बोलत होते.

"पोरी, इन्स्पेक्टर येईल आज. दवाखान्यातून त्यांना कळवावंच लागतं. तू एवढंच सांग, सायकल चालवत होतीस, झगा चेनमध्ये गुंतला, झाडावर आदळलीस. कदमबाय मागून येत होता, त्याने उचलून आणलं. संपला विषय."

"माझा झगा गुंतत नाही," बिकाजान म्हणाली.

"अगं, कुणाचाही गुंततो."

"माझा नाही गुंतत. सगळ्या गावाला माहीत आहे."

"सगळं गाव मी बघून घेतो. हाड जुळतं पोरी, मोडलेलं घर नाही जुळत."

कदमबायच्या बायकोने पोरांना पुढे ढकललं. "ह्यांचा बाप तुरुंगात जाईल वहिनी. तुम्हाला बरं वाटेल?" पोरं आधीच शिकवल्यासारखी रडायला लागली.

मला न राहवून मी म्हटलं, "अक्सकाल, पाय हिचा मोडला आणि खोटंही हिनेच बोलायचं?"

त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तू होतीस का तिथे?"

"नव्हते."

"मग शोरवा ठेव आणि जा."

मी गेले नाही. खिडकीशी उभी राहिले. सासूला वाटलं, आता शेवटचं पान टाकावं. ती दाराकडे वळून म्हणाली, "ये गं आत."

इकबोल आत आली. लग्नाआधी मुली घालतात तसा नवा झगा, भुवया रेखलेल्या. आईच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला.

"आई, त्यांच्याकडून निरोप आलाय. काका आत गेला तर ते दुसरीकडे बघणार."

"बघू देत."

"आई!" इकबोल रडायला लागली, आणि तिचं रडणं मात्र शिकवलेलं नव्हतं. "बोळकीची नात म्हणून आधीच दोन स्थळं परत गेलीत. आता कैद्याची पुतणी पण होऊ? एकदा म्हण ना. नुसतं एक वाक्य. तुझा पाय काही त्याने परत येणार नाहीये."

बिकाजानने मुलीचा हात सोडवून घेतला आणि चादर गळ्यापर्यंत ओढली. "बोलवा त्याला," एवढंच म्हणाली.

इन्स्पेक्टर तरुण होता, वागायला नीट. त्याने एकेक प्रश्न विचारला आणि तिने एकेक उत्तर दिलं. झगा गुंतला. हो, लांब होता. नाही, बांधला नव्हता. जाकीट? घरी राहिलं. आरशात बघत होतात का मावशी? नाही. लक्ष नव्हतं. गप्पा मारत होतात का कुणाशी? एकटीच होते, पण लक्ष नव्हतं.

"लक्ष नव्हतं," त्याने मान हलवली. "सगळ्यांचं हेच."

तो गेल्यावर कदमबाय आत आला. हातात डाळिंबं. वहिनीच्या कपाळाचं त्याने चुंबन घेतलं आणि डोळे पुसले. खरंच पुसले, तो काही दुष्ट माणूस नव्हता. "आयुष्यभर विसरणार नाही वहिनी," म्हणाला. जुमागुल-आनाने त्याच संध्याकाळी घरी जाऊन ते नारिंगी जाकीट तंदूरमध्ये घातलं, कारण त्यावर रक्त होतं आणि ते घरी राहिलं होतं असं सांगून झालं होतं. जळताना त्याचा इतका घाण वास सुटला की शेजारी विचारायला आले. "सुनेची चिंधी आहे," म्हातारी म्हणाली.

गावाला खरं माहीत नव्हतं असं नाही. पण खोट्यात जास्त गंमत होती. आपल्याला फाटकात उभं करून शिकवणारी बिकाजान, आणि तिचाच झगा! जी ती ते एकमेकीला सांगायची आणि तोंडाला रुमाल लावायची. कदमबायचं तर कौतुकच झालं. नवरा टाकून गेला, पण दिराने कसं उचलून नेलं बघा.

हिवाळ्यात ती कुबड्यांवर घरी आली. उजवा पाय चार बोटं आखूड राहिला. बर्फ वितळायच्या सुमाराला शाळेच्या सभागृहात रस्त्यावरच्या सुरक्षिततेची सभा भरवली. तोच इन्स्पेक्टर आला होता. मोहल्ल्यातल्या बायकांनी यायलाच हवं, असा अक्सकालांचा निरोप होता. बिकाजानला पहिल्या रांगेत बसवलं.

इन्स्पेक्टर चांगलं बोलला. झगा मांडीखाली घ्या. सलवार बांधा. सीट उंच ठेवा. मागून मोठी गाडी आली की खाली उतरा, रस्ता सोडून उभ्या राहा. बायका माना डोलवत होत्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. मी बिकाजानकडे बघत होते. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

मग तो म्हणाला, "उदाहरण तुमच्याच गावात आहे. मावशी, जरा उभ्या राहता का?"

ती उठली नाही. अक्सकालांनी मागून तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं, कुबडी हातात दिली.

"सांगा मावशी, काय चूक झाली?"

"झगा," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने. मागे ऐकू येऊ दे."

"झगा गुंतला."

मागून कुणीतरी बोललं, "आणि आम्हाला शिकवायची!" सभागृह खदाखदा हसलं. इन्स्पेक्टरही हसला, मग सावरून म्हणाला, "हसू नका, धडा घ्या." शेवटी त्याने सगळ्यांना चमकणाऱ्या पट्ट्या वाटल्या, दंडाला बांधायच्या. तिच्यापाशी आला तेव्हा त्याने स्वतः वाकून ती तिच्या दंडाला बांधली. "यापुढे बांधत जा, मावशी."

ती थँक्यू म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं.

इकबोलचं लग्न वसंतात झालं. कदमबाय वरातीपुढे नाचला. सासरच्या म्हाताऱ्याने पेला उचलला तो त्याच्याच नावाने, कुटुंब कसं असावं हे ज्याने दाखवलं त्याच्या नावाने. बिकाजानला आत स्वयंपाकघराशी बसवलं होतं, कारण कुबड्या फोटोत वाईट दिसतात. तिथे बसून तिने तुखुमबराक लाटले, अंड्याचं सारण भरलं, कडा चिमटून बंद केल्या. मुलगी निघाली तेव्हा कुणीतरी आठवणीने तिला दारापर्यंत आणलं.

बालवाडीच्या बाईंनी दुसरी स्वयंपाकीण घेतली. "त्या पायावर मोठ्या पातेल्यापाशी कशी उभी राहशील?" म्हणून तिला गाजरं सोलायला बसवलं. घर ते बालवाडी ती काठी टेकत चालायची. खांदा एका बाजूला पडायचा, कंबर दुसऱ्या बाजूला. पोहोचेपर्यंत चेहरा राखेसारखा झालेला असायचा.

एक दिवस तिने गोठ्यामागची वाकडी सायकल ओढत ओढत सापार उस्ताच्या दुकानात नेली. म्हातारा दिवसभर ठोकत बसला. चौकट सरळ केली, दुसरं चाक घातलं, उजव्या पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवला. ती चढली तेव्हा मी तिथेच होते, पंक्चर काढायला गेले होते. पहिल्या फेरीला हँडल डुगडुगलं. दुसऱ्या फेरीला ती सरळ गेली, कालव्यापर्यंत जाऊन वळून आली. जमिनीवर जी बाई दर पावलाला मोडायची, ती सायकलवर अख्खी होती. दोन्ही पाय एकसारखे फिरत होते.

"दुखतंय?" मी विचारलं.

"चालताना दुखतं," ती म्हणाली. "इथे नाही." हसली नाही, पण उतरलीही नाही. आणखी एक फेरी मारून आली.

पण रस्ता गावाचाच होता. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बाकावरून ओरडलं, "झगा सांभाळ!" मग तेच तिचं नाव झालं. तिला बघितलं की म्हणायचे, आणि नाही बघितलं तरी म्हणायचे. एखादी सून दूध उतू घालवायची तर सासू म्हणायची, 'झगा सांभाळ गं!' एकदा तिने बालवाडीबाहेर लावलेल्या सायकलच्या चेनमध्ये कुणीतरी फाटकी चिंधी गुंतवून ठेवली होती. तिने ती नखांनी धागा धागा करून काढली. आई झाली होती बोळकी, ही झाली झगा.

त्या शरदात कदमबायचं लायसन्स गेलं. उर्गेंचच्या वेशीवर पिऊन सापडला, आणि तिथे कुणी वहिनी नव्हती. गाडी अंगणात झाकून ठेवली आणि त्याला मिळाली भावाची जुनी सायकल. बाजारात हमालीला जायला लागला. सीट इतकी खाली की गुडघे कानाशी यायचे. आठ-दहा दिवसांत लंगडायला लागला.

मी त्यांच्या अंगणात होते तेव्हा त्याने विचारलं. "वहिनी, गुडघे फुटतायत गं माझे. कंबरही गेली. तुला यातलं कळतं. काय चुकतंय माझं?"

बिकाजान टायरमध्ये हवा भरत होती. तिने त्याच्या सीटकडे बघितलं. जी बाई अनोळखी पोरींना रस्त्यात थांबवून सीट वर करायला लावायची, ती म्हणाली, "काही नाही चुकत. वय झालं की दुखतंच."

जुमागुल-आना बाजेवरून म्हणाली, "तुझ्याकडे तो जादा दिवा पडलाय, तो तरी दे त्याला. अंधार लवकर पडतो हल्ली. ट्रॉल्या भरधाव असतात."

"दिवा कशाला लागतो, आना?" बिकाजान पंप मारत राहिली. "लक्ष असलं की झालं. त्याला काही झगा नाही गुंतायला."

कदमबाय हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

तो सगळा हिवाळा तो दिव्याविना आला-गेला. धुकं असायचं, बर्फ असायचा. त्याला कधी ओरखडाही आला नाही. बिकाजान मला म्हणाली, "संध्याकाळी फाटक वाजेपर्यंत मी कान लावून बसते. मग वाजतं, आणि मला कळत नाही शारीपा, मी कशासाठी बसले होते."

पुढच्या वसंतात इकबोलला मुलगा झाला. आमच्याकडे पाळणा आईच्या माहेरून जातो. बिकाजानने तो स्वतः निवडला होता, रंगवलेला, गाद्या शिवून घातलेला. शेजाऱ्यांच्या गाड्या आणल्या, पाळणा टपावर बांधला, जुमागुल-आना पुढे बसली, कदमबायची बायको मागे, मावश्या, काकवा. मीही एका गाडीत होते. मग बिकाजान काठी टेकत बाहेर आली, तर म्हातारी खिडकीतून म्हणाली, "जागा नाही गं. तुला तसंही अवघडच होतं बसायला." मी उतरायला लागले, तोवर गाडी सुटली होती.

शोवोतला पोहोचलो, चहा झाला, पाळणा ठेवला, गाणी सुरू झाली. तेव्हा फाटकातून बिकाजान आत आली. सायकलवर. नवं नारिंगी जाकीट, कुठून मिळवलं देव जाणे, पट्ट्या, आरसा, दिवा, सगळ्यासकट भरल्या अंगणातून थेट चुलीपर्यंत. सायकल भिंतीला लावली. जाकीट काढून हँडलवर ठेवलं, हात धुतले, बायकांच्या मधून लंगडत गेली आणि इकबोलच्या मांडीवरून नातू उचलून घेतला.

सासरकडची एक आत्या शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "झगा सांभाळ!" हळू म्हणाली होती, पण तेव्हाच गाणं संपलं होतं.

बिकाजानने मान वर केली.

"माझा झगा गुंतला नव्हता," ती म्हणाली. "मी रस्त्याच्या खाली, झाडाला टेकून उभी होते. माझा दीर पिऊन गाडी चालवत होता, त्याने मला चिरडलं. ही पोरगी तुमच्या घरात यावी म्हणून मी खोटं बोलले. आता आली आहे ती. आता मी खरं सांगते."

विहीणबाईंनी चहाची किटली उचलली. "आज शुभ दिवस आहे," त्या म्हणाल्या. "घ्या, चहा घ्या सगळ्यांनी."

जुमागुल-आना सुस्कारा टाकून म्हणाली, "पडल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. आम्ही सांभाळून घेतो झालं." आणि सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. अरेरे, म्हणाल्या. जिभेने चुकचुकल्या. कुणीतरी तिच्यापुढे साखरेची वाटी सरकवली.

इकबोल उठली. आईच्या हातातून बाळ काढून घेतलं. "दूध पाजायचंय त्याला," म्हणाली. बाळ गाढ झोपलेलं होतं.

बिकाजान थोडा वेळ तशीच बसली, रिकामे हात मांडीवर. चहा प्यायली. मग पट्ट्या चढवून, गाठ मानेमागे मारून निघाली. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. "गाडीतून चल," म्हटलं, "मी जागा करते." तिने मान हलवली. अंगण सपाट होतं, रस्ता सपाट होता. ती गेली.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. गावात काही बदललं नाही. कदमबायला लायसन्स परत मिळालं. 'झगा सांभाळ' लोक अजून म्हणतात, तरण्या पोरांना तर ते कुठून आलं हेही माहीत नाही. इकबोल माहेरी येत नाही. काही निमित्त झालं तर आजीकडे निरोप येतो, आईकडे नाही.

मागच्या महिन्यात माझ्या पुतणीच्या फोनवर इकबोलच्या पोराचा फोटो आला. मी तो बालवाडीत नेऊन बिकाजानला दाखवला. पोर उभं होतं, तोंडाला जर्दाळूचा रस, आणि त्याच्या खांद्याला एका बाईचा हात. बाई फोटोत नव्हती, मनगटापासून पुढे फोटो कापलेला.

बिकाजानने गाजर खाली ठेवलं, हात पुसले, फोन डोळ्यांजवळ धरला. पोराकडे तिने एकदा बघितलं आणि मग बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली.

"नखं वाढलीत तिची," ती म्हणाली. "फार काम करून घेत नाहीत वाटतं. बरं आहे."